४५४ सेकंदांचा दरारा : रॉकेट इंजिनांची क्रमवारी आणि हरवलेला इतिहास

१/
समाजमाध्यमांवर दर काही महिन्यांनी एक तक्ता फिरू लागतो. जगातील रॉकेट इंजिने वरून खाली मांडलेली, प्रत्येकापुढे त्या त्या देशाचा झेंडा, आणि उजव्या टोकाला एकच आकडा : विशिष्ट आवेग, सेकंदांत. भारताच्या सीई-७.५ या क्रायोजेनिक इंजिनापुढे ४५४ लिहिलेले असते. खाली अभिमानाच्या प्रतिक्रियांची रांग लागते. त्या अभिमानाशी या धाग्याचे भांडण नाही. भांडण तक्त्याशी आहे. तो इतिहास म्हणून वाचला जातो, आणि इतिहास म्हणून तो दिशाभूल करतो.

२/
तक्त्याचे तर्कशास्त्र त्याच्याच पदरात घालून पाहावे. सीई-७.५ ने पहिले यशस्वी उड्डाण केले ते ५ जानेवारी २०१४ रोजी. त्यानंतर इस्रोने सीई-२० हे इंजिन उडवले, ५ जून २०१७ रोजी. या नव्या इंजिनाचा विशिष्ट आवेग सुमारे ४४२ सेकंद, म्हणजे जुन्याहून १२ सेकंदांनी कमी. तक्ता खरा मानला तर भारतीय अभियंते तीन वर्षांत मागे गेले असे म्हणावे लागेल. प्रत्यक्षात १४ जुलै २०२३ रोजी चांद्रयान-३ ला वर नेणाऱ्या एलव्हीएम-३ च्या सर्वांत वरच्या टप्प्यात हेच ‘मागासलेले’ इंजिन होते. तेव्हा चूक अभियंत्यांची, की मोजपट्टी धरणाऱ्यांची?

३/
आधी ही मोजपट्टी काय मोजते ते पाहू. एक किलो प्रणोदक (इंधन आणि ऑक्सिडायझर मिळून) जाळून एक किलोभार रेटा किती सेकंद टिकवता येतो, तो कालावधी म्हणजे विशिष्ट आवेग. त्याला ९.८ ने गुणले की झोत नोझलमधून कोणत्या वेगाने बाहेर पडतो ते मिळते. ४५४ सेकंद म्हणजे सेकंदाला साधारण ४,४५० मीटर. हा आकडा काटकसर सांगतो. ताकद सांगत नाही, वजन सांगत नाही, आणि इंजिन ऐनवेळी पेटेल की नाही हे तर मुळीच सांगत नाही.

४/
मग या एका आकड्याला एवढी प्रतिष्ठा कोठून मिळाली? त्याचे मूळ १९०३ सालात आहे. रशियातील कालुगा गावचे शाळामास्तर कॉन्स्टंटिन त्सिओल्कोव्स्की यांनी त्या वर्षी प्रसिद्ध केलेल्या समीकरणात रॉकेटच्या वेगातील वाढ दोनच गोष्टींवर अवलंबून आहे : झोताचा वेग, आणि भरल्या व रित्या रॉकेटच्या वस्तुमानांचे गुणोत्तर. इंजिनाचा त्यात प्रवेश होतो तो केवळ झोताच्या वेगाच्या रूपाने. समीकरण इतके देखणे आहे की, पुढच्या पिढ्यांना इंजिन म्हणजे तो एक वेगच वाटू लागला. परंतु समीकरणाचे हे शुद्ध रूप गुरुत्वाकर्षण आणि हवा बाजूला ठेवून मांडलेले आहे. स्वतः त्सिओल्कोव्स्कींना याचे पूर्ण भान होते आणि गुरुत्वामुळे होणाऱ्या तोट्याचा विचार त्यांनी वेगळा केला होता. ते भान तक्ते करणाऱ्यांपर्यंत पोहोचलेले दिसत नाही.

५/
समीकरण कागदावरचे, प्रत्यक्ष मोजणी रॉबर्ट गोडार्ड यांनी केली. अमेरिकेतील वूस्टर येथे त्यांनी बाजारात मिळणारी दारूची रॉकेटे लंबकाला बांधून पेटवली आणि लंबक किती हलतो त्यावरून हिशेब मांडला. त्या रॉकेटांत दारूतील उष्णतेचा फार तर दोन टक्के भाग गतीत उतरत होता. मग त्यांनी पोलादी कक्ष घेतला आणि वाफेच्या टर्बाइनसाठी स्वीडनच्या दे लावाल यांनी वापरलेल्या, आधी निमुळत्या आणि मग पसरत जाणाऱ्या नोझलची त्याला जोड दिली. कार्यक्षमता ६० टक्क्यांच्या पुढे गेली. झोताचा वेग सेकंदाला २,४०० मीटरच्या आसपास पोहोचला. १९१९ सालच्या त्यांच्या प्रबंधात हे सारे आहे. निर्वात नळीत रॉकेट पेटवून, रेट्यासाठी मागे हवा असावी लागत नाही, हेही त्यांनी दाखवले होते. तरीही जानेवारी १९२० मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने याच मुद्द्यावरून त्यांची टर उडवली. मोजून दाखवले म्हणजे लोकांना पटतेच, असे नाही.

६/
येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. गोडार्ड एका ठरावीक प्रश्नाचे उत्तर शोधत होते : या दारूतून किती निघू शकते? त्या प्रश्नाला झोताचा वेग हे अचूक उत्तर होते. याच गोडार्ड यांनी १६ मार्च १९२६ रोजी जगातील पहिले द्रव इंधनाचे रॉकेट उडवले. ते अडीच सेकंद हवेत होते आणि सुमारे १२ मीटर उंच गेले. आजच्या तक्त्यात त्याला तळाचीही जागा मिळणार नाही.

७/
अभियंते स्वतः या एका आकड्यावर कधीच विसंबले नाहीत. विशिष्ट आवेग हा मुळात दोन वेगळ्या गोष्टींचा गुणाकार आहे. एक, ज्वलनकक्ष किती चांगला आहे. तो कक्षातील दाब, नोझलच्या गळ्याचे क्षेत्रफळ आणि दर सेकंदाला जळणारे वस्तुमान यांवरून मोजतात. दुसरी, नोझल त्या तप्त वायूचे किती चांगले चीज करते. चाचणीत आकडा कमी आला, तर दोष कक्षात आहे की नोझलमध्ये, हे या फोडीवरून कळते. चाचणीतळावरच्या माणसाला फोड हवी असते. बेरजेपुरते प्रेम केवळ प्रेक्षकाला असते.

८/
शिवाय हा आकडा कोठे मोजला, यावर तो बदलतो. अमेरिकी स्पेस शटलच्या मुख्य इंजिनाचा विशिष्ट आवेग निर्वातात ४५२ सेकंद, समुद्रसपाटीवर सुमारे ३६६. इंजिन तेच, धातू तोच. फरक पडतो बाहेरच्या हवेच्या दाबाने. फिरत्या तक्त्यांत मात्र एका इंजिनाचा निर्वातातील आकडा दुसऱ्याच्या समुद्रसपाटीवरील आकड्याशेजारी निर्धास्तपणे बसवलेला असतो. सीई-७.५ सारखी वरच्या टप्प्याची इंजिने निर्वातातच काम करतात, म्हणून त्यांची नोझले लांब-रुंद असू शकतात. जमिनीवरून उठणाऱ्या इंजिनाशी त्यांची तुलना म्हणजे बोहल्यावरच्या नवरदेवाला आणि शेतातून आलेल्या गड्याला एकाच आरशापुढे उभे करणे.

९/
आकडा श्रेष्ठ आणि उपयोग शून्य, याचे सर्वांत बोलके उदाहरण १९६० च्या दशकाच्या अखेरीचे आहे. अमेरिकेच्या रॉकेटडाइन कंपनीने वितळलेले लिथियम, द्रव फ्लोरीन आणि हायड्रोजन अशा त्रिकुटावर चाचण्या केल्या. मिळालेला विशिष्ट आवेग ५४२ सेकंद. रासायनिक इंजिनांत याहून मोठा आकडा आजही नोंदलेला नाही. तक्त्याच्या न्यायाने हा मानवजातीचा सर्वोत्तम रासायनिक झोत. परंतु लिथियम वितळलेले ठेवायला ते सतत तापवावे लागते; शेजारच्या टाकीतील हायड्रोजन उणे २५३ अंशांवर ठेवावा लागतो; फ्लोरीन हाताला लागेल ते जाळतो, आणि झोतातून हायड्रोजन फ्लोराइड हा विषारी वायू बाहेर पडतो. हे इंजिन कधीही उडाले नाही, आणि ते उडाले नाही म्हणून कोणी हळहळलेही नाही.

१०/
दुसरे टोक पाहा. लघुग्रहपट्ट्यात वेस्टा आणि सेरेस यांना भेट देणाऱ्या डॉन यानाची आयन इंजिने सुमारे ३,१०० सेकंदांची होती. तक्त्यात ती आभाळाला भिडतील. त्यांचा रेटा मात्र जास्तीत जास्त ९० मिलिन्यूटनच्या आसपास, म्हणजे लिहिण्याच्या दोन साध्या कागदांच्या वजनाहून कमी. अवकाशात हजारो तास हळूहळू ढकलत राहण्याच्या कामाला त्यांच्यासारखे साधन नाही. जमिनीवरून मात्र ती स्वतःलासुद्धा उचलू शकत नाहीत. २००७ साली डॉनला वर नेले ते डेल्टा-२ या रासायनिक रॉकेटने.

११/
आता या तक्त्यांचा लाडका वाद : अमेरिकेचे एफ-१ की सोव्हिएत एनके-३३? चंद्रशर्यतीच्या इतिहासाची सर्वाधिक मोडतोड याच वादात होते, म्हणून येथे थोडे थांबावे लागेल. एफ-१ चा समुद्रसपाटीवरील विशिष्ट आवेग २६३ सेकंद, कक्षातील दाब सुमारे ७० बार. एनके-३३ चा विशिष्ट आवेग समुद्रसपाटीवर २९७, दाब १४५ बारच्या घरात, आणि स्वतःच्या वजनाच्या तुलनेत रेटा सुमारे १३७ पट. या तिन्ही रकान्यांत सोव्हिएत इंजिन निर्विवाद पुढे. त्यावरून निष्कर्ष काढला जातो की, सोव्हिएत अभियंत्यांकडे श्रेष्ठ यंत्र होते, नशिबाने किंवा राजकारणाने घात केला.

१२/
एफ-१ ची कथा तक्त्यात मावत नाही. २८ जून १९६२ रोजी कॅलिफोर्नियातील चाचणीतळावर एक एफ-१ ज्वलनातील अस्थिरतेमुळे नष्ट झाले. कक्षातील ज्वाळा संतुलित न राहता दाबाच्या लाटा आपटू लागतात आणि क्षणार्धात धातू वितळतो, असा हा रोग. त्याचे पुरेसे गणित तेव्हा कोणाकडेच नव्हते. मग अभियंत्यांनी वेगळीच मोजणी शोधली. चालू इंजिनाच्या कक्षात त्यांनी लहान बॉम्ब फोडले, मुद्दाम अस्थिरता निर्माण केली, आणि ती किती वेळात शमते ते मोजले. इंजेक्टरच्या तबकडीवर पडदे बसवले, छिद्रांची मांडणी पुन्हा पुन्हा बदलली. सुमारे दोन हजार पूर्ण आकाराच्या चाचण्यांनंतर इंजिन असे झाले की बॉम्ब फुटला तरी लाट सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत विरून जाई.

१३/
हा ‘दशांश सेकंद’ एफ-१ चा खरा पराक्रम. कोणत्याही क्रमवारीत त्याचा रकाना नाही. सॅटर्न-५ च्या १३ उड्डाणांत ६५ एफ-१ इंजिने वापरली गेली आणि त्यांतील एकाही इंजिनाने दगा दिला नाही. प्रत्येक इंजिन उड्डाणापूर्वी जमिनीवर पेटवून पाहिलेले होते.

१४/
सोव्हिएत बाजूला काय घडले? एनके-३३ हे चंद्राकडे निघालेल्या एन-१ रॉकेटवर कधी उडालेच नाही. उडाले ते त्याचे पूर्वरूप, एनके-१५. पहिल्या टप्प्यात ३० इंजिने. या इंजिनाचे काही व्हॉल्व्ह स्फोटक कळीने एकदाच उघडणारे होते. परिणाम असा की, एकदा पेटवलेले इंजिन पुन्हा वापरता येत नसे, आणि त्यामुळे प्रत्यक्ष उडणारे इंजिन आधी पेटवून पाहता येत नसे. सहा-सहाच्या तुकडीतून दोन इंजिने जाळून पाहायची, ती चालली तर उरलेली चार रॉकेटला लावायची, अशी रीत होती. तीसही इंजिनांचा पूर्ण टप्पा जमिनीवर बांधून पेटवण्याची सोय तर उभारलीच गेली नाही.

१५/
२१ फेब्रुवारी १९६९, ३ जुलै १९६९, २७ जून १९७१, २३ नोव्हेंबर १९७२. चार उड्डाणे, चारही पहिल्या टप्प्यातच संपली. दुसऱ्या उड्डाणात एका इंजिनाच्या ऑक्सिजन पंपाचा स्फोट झाला आणि रॉकेट परत प्रक्षेपणमंचावर कोसळून मंच उद्ध्वस्त झाला. यात निकोलाय कुझनेत्सोव्ह यांच्या कार्यालयाची बुद्धी कमी पडली असे म्हणणे अन्याय होईल. त्यांच्या इंजिनातील ज्वलनचक्र अमेरिकनांना त्या काळी साधलेले नव्हते. कमी पडला पैसा, वेळ आणि चाचणीतळ. ‘श्रेष्ठ इंजिन, कमनशिबी रॉकेट’ हे वाक्य म्हणूनच टाकाऊ आहे. उडणारे इंजिन न तपासताच लावावे लागणे हा त्या इंजिनाच्या कामगिरीचाच भाग होता.

१६/
या कथेला शेपूट आहे. नष्ट करण्याचा आदेश असूनही कुझनेत्सोव्ह यांनी एनके-३३ गोदामात जपून ठेवली. १९९० च्या दशकात अमेरिकेच्या एरोजेट कंपनीने त्यांतील काही डझन विकत घेतली. तक्ता पाहिला तर हा सौदा म्हणजे लॉटरीच होती. २८ ऑक्टोबर २०१४ रोजी या इंजिनांवर उडालेले अँटारेस रॉकेट काही सेकंदांतच व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर कोसळले. बिघाड ऑक्सिजनच्या टर्बोपंपात झाला होता. इंजिने चाळीस वर्षांची होती. २९७ हा आकडा मात्र तेव्हाही २९७ च होता.

१७/
एक आक्षेप आधीच घ्यायला हवा, कारण तो रास्त आहे. ‘मग काय, कशाचीच तुलना करायची नाही? सगळीच इंजिने आपापल्या जागी थोर?’ तसे नाही. काम ठरवून दिले की तुलना होते, आणि ती कठोरही असते. सॅटर्न-५ हेच पाहा. पहिल्या टप्प्यात केरोसीन, वरच्या दोन टप्प्यांत हायड्रोजनवर चालणारी जे-२ इंजिने, विशिष्ट आवेग ४२१ सेकंद. हायड्रोजन एवढा काटकसरी, तर तळाशी तोच का नाही घातला? कारण द्रव हायड्रोजनच्या एका घनमीटरचे वजन जेमतेम ७१ किलो, केरोसीनचे ८०० च्या वर. तळाच्या टप्प्यात हायड्रोजन भरायचा तर टाक्या अवाढव्य होतात. आणि तेथे निकड असते ती सुमारे २,९०० टनांचे धूड लवकर उचलण्याची. सरळ वर चढताना जाणारा प्रत्येक सेकंद गुरुत्वाला ९.८ मीटर प्रतिसेकंद वेगाचा कर देतो. दांडगा रेटा हा कर वाचवतो. एकाच रॉकेटच्या दोन मजल्यांवर ‘उत्तम इंजिन’ या शब्दांचा अर्थ दोन तऱ्हांनी लागतो.

१८/
हल्ली एक नवी जमात निघाली आहे. ती म्हणते, सेकंद सोडा, दर किलोमागे डॉलर किती ते सांगा. किंवा वजनाच्या किती पट रेटा ते सांगा. एका मूर्तीऐवजी दुसरी मूर्ती, पूजा तीच. डॉलर हा रॉकेटचा हिशेब आहे, त्यात विमा आहे, उड्डाणांची संख्या आहे, सरकारी कंत्राटे आहेत. त्यातून एकट्या इंजिनाचा वाटा काढणे सोपे नाही. आणि खर्च कोणाचा मोजायचा, हा प्रश्न तर त्याहून जुना आहे.

१९/
तो प्रश्न पीनेम्युंडेपासूनचा आहे. जर्मन व्ही-२ चे इंजिन, वॉल्टर थील यांच्या हाताखाली आकाराला आलेले : २५ टन रेटा, अल्कोहोल आणि द्रव ऑक्सिजन, विशिष्ट आवेग २०० सेकंदांच्या आसपास. ‘आधुनिक रॉकेटयुगाचा पाया’ म्हणून ते प्रत्येक तक्त्याच्या पहिल्या ओळीत असते. ही इंजिने ज्या क्षेपणास्त्रांत बसली, त्यांचे मोठे उत्पादन नॉर्डहाउझेनजवळच्या डोंगराखालील बोगद्यांत, मिटेलबाउ-डोरा छळछावणीच्या कैद्यांकडून करून घेण्यात आले. त्या छावणीत आणि तिच्या उपछावण्यांत सुमारे ६०,००० माणसे डांबली गेली. त्यांपैकी अंदाजे २०,००० मेली. व्ही-२ च्या माऱ्यात जितके मेले, त्याहून अधिक. इतिहासाचा विद्यार्थी ‘एकूण कामगिरी’ हे शब्द उच्चारतो तेव्हा ‘एकूण’ या शब्दात ही माणसे येतात की नाहीत, हे त्याला ठरवावेच लागते. तक्त्याने ते गुपचूप ठरवून टाकलेले असते.

२०/
आता भारताकडे. येथेही आधी एका दुर्लक्षित आकड्याची दखल घ्यावी. १९७४ मध्ये इस्रो आणि फ्रान्सची एसईपी कंपनी यांच्यात करार झाला आणि भारतीय अभियंते फ्रान्समध्ये व्हायकिंग इंजिनावर काम करू लागले. त्यातून विकास इंजिन घडले. विशिष्ट आवेग निर्वातात २९० च्या किंचित पुढे. प्रणोदके विषारी, पण साध्या तापमानाला टाकीत राहणारी. क्रमवारीत हे इंजिन कोणाच्या नजरेत भरत नाही. पण पीएसएलव्हीचा दुसरा टप्पा यावर, जीएसएलव्हीचा दुसरा टप्पा आणि बाजूचे बूस्टर यावर, एलव्हीएम-३ चा गाभा यावर. मुंबईत विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात ही इंजिने तयार होत आली आहेत. अभिमानाचे तक्ते करणाऱ्या मुंबईकरांना लोकल गाडीतून ज्याच्या जवळून जातो त्या कारखान्याची आठवण कधी झालेली दिसत नाही.

२१/
क्रायोजेनिक इंजिनाची लोककथा सर्वांना पाठ आहे : अमेरिकेने तंत्रज्ञान अडवले, भारताने ४५४ सेकंदांचे इंजिन करून दाखवले. पहिला अर्धा भाग खरा आहे. १९९१ मध्ये सोव्हिएत ग्लावकॉसमॉसशी करार झाला, १९९२ मध्ये अमेरिकेने इस्रो आणि ग्लावकॉसमॉस यांच्यावर निर्बंध लादले, १९९३ मध्ये रशियाने तंत्रज्ञान देण्याचे नाकारून तयार टप्पे तेवढे द्यायचे कबूल केले. पण त्या रशियन इंजिनाचा विशिष्ट आवेग ४६२ सेकंद होता, सीई-७.५ हून आठने जास्त. त्याचा वंश पुन्हा एन-१ कडेच जातो. त्या रॉकेटच्या वरच्या टप्प्यासाठी इसायेव्ह यांच्या कार्यालयात ते घडवलेले होते. म्हणजे आकड्यांनीच न्याय करायचा तर लोककथेचा दुसरा अर्धा भाग कोसळतो. सीई-७.५ चे मोल ४५४ मध्ये नव्हतेच.

२२/
ते कशात होते, हे १५ एप्रिल २०१० च्या अपयशात दिसते. जीएसएलव्ही-डी३ वर सीई-७.५ पेटले, आणि हायड्रोजन पुढे ढकलणारा लहानसा बूस्टर पंप थांबला. रॉकेट समुद्रात गेले. त्या दिवसापासून २०१४ च्या यशापर्यंत जवळजवळ चार वर्षे गेली. उणे २५३ अंशांवरच्या द्रवात फिरणाऱ्या बेअरिंगांचे, सांध्यांचे, आवरणांचे आकुंचन किती होते आणि ते एकमेकांना कुठे घासतात, याचे ज्ञान कोणताही देश दुसऱ्याला कागदावर देत नाही. इंजिनाचा सैद्धांतिक विशिष्ट आवेग २०१० मध्येही जवळजवळ तोच होता.

२३/
आणि १२ ऑगस्ट २०२१ : जीएसएलव्ही-एफ१०. तोवर सिद्ध झालेला हा क्रायोजेनिक टप्पा त्या दिवशी पेटलाच नाही. हायड्रोजनच्या टाकीवरील एका व्हॉल्व्हमधून गळती झाली, टाकीतला दाब उतरला, इंजिनाला हवे तसे हायड्रोजन मिळाले नाही, आणि ईओएस-०३ हा उपग्रह गेला. इंजिन इतके काटकसरी की त्याने एक थेंबही जाळला नाही.

२४/
राहिला सुरुवातीचा प्रश्न : इस्रोने १२ सेकंद का सोडले? ते फुकटचे नव्हते. भरल्या आणि रित्या टप्प्याचे गुणोत्तर तीन धरले, तर १२ सेकंद म्हणजे सेकंदाला सुमारे १३० मीटर. वरच्या टप्प्यात ही रक्कम लहान नव्हे. आता दुसरी बाजू. एलव्हीएम-३ च्या वरच्या टप्प्यात सुमारे २८ टन प्रणोदक असते. सीई-७.५ चा रेटा साडेसात टन; ते सेकंदाला साधारण साडेसोळा किलो जाळते. २८ टन संपवायला त्याला २८ मिनिटे लागतील, आणि तेवढा वेळ टप्पा, इंधन आणि उपग्रह यांचा डोलारा गुरुत्वाशी झुंजत खाली ओढला जात राहील. १९ टन रेट्याचे सीई-२० तेच काम ११ मिनिटांच्या आत उरकते. वाचलेल्या सेकंदांहून गमावलेले सेकंद महाग पडले असते.

२५/
दुसरे कारण अधिक इतिहासाचे आहे. सीई-७.५ चे चक्र असे की पंप फिरवणारा वायू पुन्हा मुख्य कक्षात जाऊन जळतो. काही वाया जात नाही, म्हणून आकडा मोठा. पण त्यामुळे इंजिनाचे सारे अवयव एकमेकांत गुंतलेले असतात आणि एकाची पारख दुसऱ्यावाचून होत नाही. सीई-२० मध्ये पंप फिरवणारा वायू बाहेर सोडून दिला जातो. थोडी काटकसर जाते. बदल्यात प्रत्येक भाग सुटा तपासता येतो, मग जोडता येतो. ज्या संस्थेने एका लहान पंपापायी २०१० पाहिले, तिने मोठ्या रॉकेटसाठी हे चक्र स्वीकारले. या निवडीला ‘तडजोड’ म्हणून हिणवणाऱ्यांनी एन-१ ची तुकडीतून दोन इंजिने जाळण्याची रीत पुन्हा एकदा आठवावी.

२६/
फेब्रुवारी २०२४ मध्ये सीई-२० ची मानवी उड्डाणासाठीची पात्रता-चाचणी पूर्ण झाली. चार इंजिने, ३९ वेळा पेटवलेली, वेगवेगळ्या परिस्थितींत. आवश्यक होते किमान ६,३५० सेकंदांचे ज्वलन; झाले ८,८१०. गगनयानात जे बसतील त्यांच्या जिवाचा हिशेब या आकड्यात आहे. एककही तक्त्यातलेच आहे, सेकंद.